डास चावला की चावली?

मराठी विभागासाठी लेख मागवणारी नोटीस लागली, की आपल्याकडे प्रेम, पाऊस आणि पहिली केटी या तीन विषयांवरच्या कवितांचा ढीग जमतो. (कवी मंडळींनो, हलके घ्या!) मला कविता जमत नाही. म्हणून मी थोडा वेगळा माल आणला आहे. प्रश्न माझे नाहीत, उत्तरे तेवढी माझी.

त्याचं असं आहे. गेल्या वर्षापासून आम्ही काही जणी संध्याकाळी साडेसात ते नऊ हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये बसतो आणि मेस, सिक्युरिटी व हाउसकीपिंगच्या काका-मावशींची मुलं तिथे अभ्यासाला येतात. बहुतेक जण आठवी ते दहावीचे, मराठी माध्यमाचे. आम्हाला वाटलं होतं, गणित आणि फिजिक्सचे प्रश्न येतील; आपण काय, इंजिनिअरिंगवाले, चुटकीसरशी सोडवू! पण गणित या पोरांना आमच्यापेक्षा बरं येतं. प्रश्न येतात ते जीवशास्त्राचे आणि मराठी व्याकरणाचे. म्हणजे नेमके ते दोन विषय, ज्यांना बारावीनंतर (काहींनी दहावीनंतरच) आपण सगळ्यांनी मनोभावे नमस्कार केलेला असतो.

त्यातून मी कॉन्व्हेंटची. मला 'मायटोकॉन्ड्रिया' झोपेतही सांगता येईल, पण त्याला मराठीत काय म्हणतात हे मला या मुलांनी शिकवलं. तेव्हा पाठ्यपुस्तकं घेऊन बसले आणि लक्षात आलं, की हे दोन विषय वाटतात तितके लांबचे नाहीत. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यातले काही इथे देत आहे. रीडिंग रूममध्ये तुम्हालाही कोणी गाठलं तर उपयोगी पडतील.

प्रश्न १ : ताई, विज्ञानातले शब्द एवढे अवघड का असतात?

अवघड नसतात, आपण ते फोडून बघत नाही. आपण मशीन उघडून बघतो, तसा शब्द उघडायचा.

'तंतुकणिका' घ्या. तंतू म्हणजे धागा, कणिका म्हणजे छोटा कण. आता इंग्रजी 'मायटोकॉन्ड्रियन' हा शब्दही ग्रीक भाषेतल्या धागा आणि कण या दोनच शब्दांपासून बनला आहे. म्हणजे आमच्या वर्गातल्या सगळ्यांनी जे न समजता पाठ केलं, ते मराठी माध्यमाच्या मुलाला शब्दातच लिहून दिलेलं असतं! 'हरितलवक' या शब्दातला 'हरित' सांगतोच, की हिरवा रंग इथे आहे.

प्राण्यांच्या वर्गीकरणात तर मजाच आहे. 'संधिपाद' म्हणजे झुरळ, कोळी, खेकडा, विंचू यांचा संघ. संधी म्हणजे सांधा, पाद म्हणजे पाय. सांधे आहेत ज्याच्या पायांना तो संधिपाद. इंग्रजीतल्या 'आर्थ्रोपोडा'चा अर्थही अगदी हाच. 'मृदुकाय' म्हणजे मऊ आहे काया ज्याची तो (गोगलगाय). 'कंटकचर्मी' म्हणजे काटे आहेत ज्याच्या चामडीवर तो (तारामासा). 'ज्याचा, ज्याच्या, ज्याची' असा विग्रह होतो तो बहुव्रीही समास, हे व्याकरणाच्या पेपरात विचारतात. म्हणजे विज्ञान भाग दोनचा एक धडा नीट केला, की मराठीचे दोन मार्क फुकट. आणि 'उभयचर', 'जलचर' हे उपपद तत्पुरुष, कारण त्यातला 'चर' (फिरणारा) एकटा वाक्यात वापरता येत नाही. हेही घ्या, एकावर एक फ्री!

गंमत अशी, की व्याकरणातली 'संधी' आणि संधिपादातली 'संधी' एकच आहे. तिथे दोन वर्णांचा सांधा, इथे पायाचा. मुलांना एवढं एक वाक्य सांगितलं, की संधी आणि समास यांचा घोळही सुटतो. वर्ण जोडले जातात ती संधी, शब्द जोडले जातात तो समास.

प्रश्न २ : 'प्राणी' दीर्घ, मग 'प्राणिसंग्रहालय' ह्रस्व का?

राणीच्या बागेत सहल गेली की हा प्रश्न हमखास येतो.

मराठी शुद्धलेखनाचे जे नियम आपण वापरतो, त्यातले १४ नियम १९६२ साली आणि आणखी ४ नियम १९७२ साली ठरले. एकूण अठरा. त्यातला एक असा, की शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार मराठीत दीर्घ लिहायचा. म्हणून संस्कृतातले कवि, गुरु, मृदु, संधि हे मराठीत एकटे आले की कवी, गुरू, मृदू, संधी होतात. पण हेच शब्द समासात पुढे बसले, की मूळ रूपावर जातात : कविराज, गुरुकुल, मृदुकाय, संधिपाद. तंतू, पण तंतुकणिका.

प्राणी आणि पक्षी यांची भानगड थोडी वेगळी. हे मूळचे 'प्राणिन्' आणि 'पक्षिन्'. एकटे असताना शेवटचा न् गळतो आणि आधीची वेलांटी दीर्घ होते. समासात मात्र ती ह्रस्वच राहते. म्हणून प्राणिशास्त्र, पक्षिमित्र, विद्यार्थिमंडळ. (आपल्या नोटीस बोर्डावर काय लिहिलं आहे ते येता-जाता बघा. मी काही बोलत नाही!)

आणि 'नदी'सारखे शब्द? ते संस्कृतातच दीर्घ आहेत, म्हणून समासातही दीर्घ : नदीकाठ, नदीपात्र.

प्रश्न ३ : झाडं रात्री श्वास घेतात, मग दिवसा काय करतात?

हा जीवशास्त्रातला सगळ्यांत मोठा गैरसमज, आणि आपल्या वर्गातल्या भल्याभल्यांनाही आहे. विचारून बघा.

झाडं श्वसन चोवीस तास करतात. दिवसाही आणि रात्रीही. ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, अगदी आपल्यासारखं. प्रकाशसंश्लेषण हे दुसरं काम, आणि त्याला प्रकाश लागतो. ('संश्लेषण' म्हणजे जोडून तयार करणे. प्रकाशाच्या मदतीने जोडणे. शब्द उघडा!) दिवसा हे दुसरं काम इतक्या जोरात चालतं, की श्वसनात लागतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन तयार होतो आणि उरलेला बाहेर पडतो. रात्री उजेड नाही, म्हणून फक्त पहिलं काम दिसतं. मेस चोवीस तास वीज खाते, पण गच्चीवरचं सोलर पॅनल फक्त दिवसा वीज देतं, तसंच.

याचाच जोडप्रश्न : पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो ना? नाही. काही वनस्पती रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात हे खरं आहे (निवडुंग त्यातलेच), पण ऑक्सिजन बाहेर येण्यासाठी प्रकाशच लागतो. आणि खोलीत कुंडी ठेवली तर रात्री गुदमरायला होईल का? त्या एका कुंडीपेक्षा तुमची रूम पार्टनर कितीतरी जास्त ऑक्सिजन वापरते. तिला बाहेर काढता का? मग कुंडीही राहू दे.

याच धड्यात एक मुलगा म्हणाला, मुळं तर जमिनीखाली असतात, मग खाडीच्या चिखलातून वर येतात ती काय? मुलुंडहून ऐरोलीला जाताना पुलावरून त्याने पाहिली होती. ती श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून तिवराची मुळं पेन्सिलीसारखी उभी वर येतात आणि हवा घेतात. मीठ पानांतून बाहेर टाकलं जातं. पान चाटून बघितलं तर खारट लागतं. (चाटू नका, खाडीचं पाणी काय आहे ते माहीत आहे ना!) म्हणजे 'झाडांची मुळंही श्वास घेतात' हे वाक्य सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही, ओहोटीच्या वेळची मुलुंडची खाडी पुरते.

प्रश्न ४ : कर्तरी, कर्मणी, भावे... ओळखायचं कसं?

हा प्रश्न आठवड्यातून तीनदा येतो. मुलं तीन व्याख्या घोकतात आणि पेपरात उलटसुलट लिहितात. मला उत्तर नावातच सापडलं. याला 'प्रयोग' म्हणतात ना? मग प्रयोग करा! लॅबमध्ये आपण एक गोष्ट बदलतो, बाकीच्या तशाच ठेवतो आणि काय हलतं ते बघतो. इथेही तेच.

वाक्य घ्या : बेडूक किडा खातो. आता कर्ता बदला. बेडकी किडा खाते. क्रियापद हललं! कर्म बदला. बेडूक माशी खातो. हललं नाही. म्हणजे क्रियापदाची दोरी कर्त्याच्या हातात. कर्तरी.

दुसरं वाक्य : बेडकाने किडा खाल्ला. कर्ता बदला. बेडकीने किडा खाल्ला. काही फरक नाही. कर्म बदला. बेडकाने माशी खाल्ली. हललं! दोरी कर्माच्या हातात. कर्मणी.

तिसरं : बेडकाने माशीला पकडले. बेडकीने माशीला पकडले. बेडकाने किड्याला पकडले. काहीही बदला, क्रियापद ढिम्म. भावे.

दोन सापळे सांगून ठेवते. एक, 'कर्त्याला ने लागला नाही म्हणजे कर्तरी' असं समजू नका. 'मी आंबा खाल्ला' यात 'ने' दिसत नाही, पण 'मी चिंच खाल्ली' करून बघा, कर्मणीच आहे. दोन, 'भूतकाळ म्हणजे कर्मणी' हेही खरं नाही. तो धडा शिकला, ती धडा शिकली. इथे कर्ता बदलल्यावर हललं, म्हणून कर्तरी. व्याख्या विसरली तरी चालेल, प्रयोग करायला विसरू नका.

प्रश्न ५ : 'नोकरी भेटली' चूक का? सगळे तसंच बोलतात!

बोलतात, आणि बोलू देत. अंधेरीला गाडीत चढलं की 'सीट भेटली का?' हेच ऐकू येतं. विदर्भातही असं बोलतात. समोरच्याला कळतं, म्हणजे भाषेचं काम झालं. पण पेपर तपासणारे प्रमाण मराठी बघतात, तेव्हा फरक माहीत असलेला बरा.

प्रमाण मराठीत भेटतात ती माणसं, मिळतात त्या वस्तू. मित्र भेटला, पुस्तक मिळालं. मैत्रीण भेटली, सीट मिळाली (दुसरी घटना दुर्मीळ). आणि नद्या मिळतात. मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते.

तसंच 'मी आली'. मुली विचारतात, ती आली चालतं, मग मी आली का नाही? कारण मराठी क्रियापद लिंगही दाखवतं आणि बोलणारा कोण तेही. मी आलो (मुलगा), मी आले (मुलगी), तू आलास, तू आलीस, तो आला, ती आली. सहा खुर्च्या आहेत, प्रत्येकीवर एक जण.

इथे एक विनंती. आपल्यापैकी काही जण मुलांच्या अशा बोलण्यावर हसतात. नववीतला एक मुलगा असं हसल्यावर दोन आठवडे खालीच आला नाही. जो मुलगा 'मला उत्तर भेटलं नाही' म्हणतो, त्याला आधी उत्तर द्या. 'भेटलं'चं 'मिळालं' नंतर करता येतं.

प्रश्न ६ : डास चावला की चावली?

आता मुख्य प्रश्न! आठवीतल्या एका मुलीने विचारला. पुस्तकात लिहिलंय, मलेरिया अॅनाफिलिस डासाच्या मादीमुळे पसरतो. मग आपण 'डास चावला' का म्हणतो?

जीवशास्त्र सांगतं, माणसाला चावते ती फक्त मादीच. अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर बिचारा फुलांतला रस पितो आणि बदनाम होतो. डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू असतात हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादला, १८९७ साली दाखवून दिलं. (जाता जाता : मलेरियावाली रात्री चावते, डेंग्यूवाली एडिस दिवसा. एडिसला साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. आपल्या विंगमधल्या बादल्या, कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रिजमागचा ट्रे जरा बघा!)

पण व्याकरण सांगतं, 'डास' हा शब्द पुल्लिंगी. म्हणून चावला. दोघंही बरोबर! शब्दाचं लिंग आणि प्राण्याचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कावळा पुल्लिंगी, त्यात मादी कावळेही आले. घार स्त्रीलिंगी, त्यात नरही आले. मेसमधलं झुरळ नपुंसकलिंगी, पण त्यांची संख्या बघता तसं मुळीच वाटत नाही. पावसाळ्यात भिंतीवर चढणारी गोगलगाय शब्दाने स्त्रीलिंगी, आणि जमिनीवरच्या बहुतेक गोगलगाई प्रत्यक्षात उभयलिंगी, म्हणजे एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही. गांडुळाचंही तसंच.

कधी कधी मात्र भाषा बरोबर नेम धरते. मुंगी आणि मधमाशी स्त्रीलिंगी, आणि कामकरी मुंग्या व मधमाश्या खरोखरच माद्या असतात. कधी साफ चुकते. परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला जी ओरडून उठवते ती 'कोकिळा' नसतेच. कुहू कुहू करणारा तो कोकीळ, म्हणजे नर. कवींनी श्रेय भलतीकडेच दिलं.

इंग्रजी शब्दांनाही आपण लिंग वाटून टाकलं आहे. तो ट्रक, ती बस, ते टेबल. मोबाइलचा सेल 'तो', शरीरातला सेल म्हणजे पेशी 'ती'. याला सरसकट नियम नाही. बोलणाऱ्यांनी ठरवलं, रूढ झालं, झालं. शब्दाचं लिंग समाज ठरवतो.

आणि माणसाचं? त्यावरून शेवटचा प्रश्न.

प्रश्न ७ : मुलगा होणार की मुलगी, हे कोण ठरवतं?

अनुवंशिकतेचा धडा शिकवून झाल्यावर दहावीतली एक मुलगी थांबून राहिली. म्हणाली, "ताई, हे मला एका कागदावर लिहून देशील? सोप्या मराठीत. आईला दाखवायचंय." त्या तिघी बहिणी. गावाला गेलं की आईला काय काय ऐकावं लागतं, ते तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही. तुम्हाला अंदाज येईल.

मी लिहून दिलं ते असं. प्रत्येक माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. (गुण वाहून नेणारी सूत्रं, म्हणजे दोरे.) त्यातल्या २२ जोड्या बाईच्या आणि पुरुषाच्या सारख्याच. तेविसावी वेगळी. बाईकडे दोन एक्स. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाळाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक मिळतं. आईकडे एक्सशिवाय दुसरं काही नाहीच, त्यामुळे ती प्रत्येक वेळी एक्सच देते. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. म्हणजे आईच्या हातात यातलं काहीही नाही.

खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. वडिलांच्याही हातात नाही. कोणती शुक्रपेशी पोचेल हे नाणं उडवल्यासारखं आहे. आणि नाण्याला आठवण नसते. तीन मुलींनंतर चौथ्या वेळीही शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मीच. तेव्हा दोष कोणाचाच नाही, कारण मुलगी होणं हा दोषच नाही.

गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, देशाचा कायदा १९९४ चा. कायदा सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत पोचतो. स्वयंपाकघरातल्या टोमण्यापर्यंत पोचायला तो कागदच लागतो, आणि तो मराठीतच लागतो. 'एक्स-वाय क्रोमोसोम डिटरमाइन्स सेक्स' हे वाक्य मला बारावीत पूर्ण मार्क देऊन गेलं. पण ते त्या घरात जाऊन उपयोगाचं नव्हतं. कागद वाचून मावशी काय म्हणाल्या, ते मी विचारलं नाही. मुलीने एवढंच सांगितलं, की तो कागद आता देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे.

म्हणून हा सगळा खटाटोप. नीटची परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. या मुलांतल्या कोणी उद्या ती दिली तर आनंदच आहे. पण तोपर्यंत रोजच्या जगण्यात लागणारं विज्ञान त्यांना स्वतःच्या भाषेत समजलं, तर ते आपोआप त्यांच्या घरी पोचतं. आणि आपलंही मराठी सुधारतं, तेही फुकटात!

रीडिंग रूम, सोमवार ते शुक्रवार, साडेसात ते नऊ. सबमिशनच्या आठवड्यात आम्ही दोघीच उरतो आणि समोर चौदा मुलं असतात. जीवशास्त्र येत नसेल तरी या. पुस्तक तिथेच आहे, आणि प्रश्न विचारायला मुलं आहेतच. फक्त ओडोमॉस लावून या. खिडकीजवळ डास फार चावतात... म्हणजे, चावते ती मादी!